मांडीतला सालगडी

बैल विकत घेताना आमच्याकडं दात बघतात, खूर बघतात, तसा खांदाही बघतात. जुवाखाली राबलेल्या बैलाच्या खांद्याचं कातडं जाड असतं, हाताला टणक लागतं. तोच बैल चार महिने दावणीला बसून खाल्ला आणि एकदम नांगराला जुंपला, की दोन दिवसांत त्याचा खांदा सुजतो. म्हणून जाणता शेतकरी हंगामाच्या आधी हलकी कामं देऊन बैलाचा खांदा तयार करून घेतो. ही गोष्ट मला वडिलांनी लहानपणीच शिकवली होती. कातड्याचं जे, तेच हाडाचंही असतं, हे मात्र कळायला मला चौसष्टावं वर्ष उजाडलं. तेही माझ्याच मांडीच्या हाडावरून.

माझा डावा खुबा बदललेला आहे. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि तो आतल्या आत खचत गेला. बांध ओलांडताना पाय उचलेना, रात्री कूस बदलवेना. शेवटी साताऱ्याला ऑपरेशन झालं. आता हे ऑपरेशन गावोगावच्या माणसांना माहीत झालंय. इंग्लंडच्या जॉन चार्नली नावाच्या डॉक्टरनं 1962 च्या सुमाराला ते आजच्या वळणावर आणलं, असं सांगतात. खराब गोळा कापून काढायचा, कमरेच्या हाडात नवी वाटी बसवायची आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकायचा. कुदळीत दांडा बसवतात तसा, फक्त उलटा; इथं लाकडाच्या जागी हाड आणि लोखंडाच्या जागी टायटॅनियम. माझा दांडा सिमेंटशिवायचा आहे. त्याचं अंग खरबरीत असतं आणि हाड वाढून त्याला धरतं.

तीन महिन्यांत मी चालायला लागलो. दुखणं असं गेलं, की ते कधी होतं हेच विसरलो. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, एवढंच पथ्य. पंगतीत मला खुर्ची मिळायला लागली आणि लोक म्हणायला लागले, आबाचा थाट वाढला.

दोन वर्षांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. धातू दोन्हीत सारखाच पांढरा शुभ्र. पण दांड्याच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूला, जिथं पहिल्या फोटोत हाड घट्ट पांढरं होतं, तिथं दुसऱ्यात ते राखाडी, धुरकट दिसत होतं. पावसानं माती वाहून गेलेल्या बांधासारखं. माझ्या पोटात धस्स झालं.

म्हटलं, "दांडा सैल झाला का?"

"नाही काका. दांडा घट्ट आहे. हाड विरळ झालंय."

"पण मला तर काहीच दुखत नाही."

"हे दुखत नाहीच. एक्स-रेत दिसेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. देवानं दिलेल्या खुब्यात अंगाचा भार गोळ्यावर येतो, तिथून मानेतून उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात पसरतो. तो भाग रोज वजन झेलतो, म्हणून मजबूत राहतो. आता गोळाही धातूचा आणि मानही धातूची. भार थेट दांड्यात शिरतो आणि बराचसा दांड्यातूनच खाली जाऊन टोकाजवळ हाडाला मिळतो. टायटॅनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ, कोबाल्ट-क्रोमचा धातू तर दहा पटींहून जास्त. दोघं मिळून ओझं उचलायचं ठरलं की जो ताठ, त्याच्याच अंगावर जास्त ओझं पडतं. वरचं हाड नुसतं उभं राहतं.

मी दहावी शिकलेला माणूस. मला ते माझ्या पद्धतीनं कळलं. घरात दणकट सालगडी आला. पोती तोच उचलतो, पाणी तोच धरतो, रात्रीची मोटारही तोच चालू करतो. घरचा पोरगा कट्ट्यावर बसून राहतो. फरक एवढाच, की आई बसलेल्या पोराला जेवायला वाढते आणि शरीर बसलेल्या हाडाला वाढत नाही. हाडात म्हणे दोन प्रकारच्या पेशी असतात. एक जुनं हाड खाऊन काढतात, दुसऱ्या नवं भरतात. हे काम जन्मभर चालू असतं. जिथं भार पडतो तिथं भरणाऱ्यांचं चालतं, जिथं पडत नाही तिथं खाणाऱ्यांचं. जर्मनीतल्या युलियस वोल्फ या शल्यवैद्यानं 1892 साली यावर ग्रंथच लिहिला, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणं स्वतःला घडवतं. अंतराळात जाणाऱ्या माणसांना वजनच नसतं, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला शंभरात एक भागाच्या आसपास कमी होतं.

आमच्या जुन्या घराला सागवानी मेढी होत्या. पुढं वडिलांनी मधल्या खणात लोखंडी गर्डर घातला, तेव्हा एका मेढीवरचा भार पार निघाला. ती मेढ अजून उभी आहे, एका सुतानंही बारीक झालेली नाही. लाकूड मेलेलं असतं. हाड जिवंत असतं, म्हणून त्याला बिनकामाचं राहणं सोसत नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"घाबरायचं नाही. ही झीज मुख्यतः पहिल्या वर्षात होते, पुढं मंदावते आणि बहुतेकांची थांबते. त्या कोपऱ्यातलं गेलेलं सगळं हाड चालून परत येईल असं मी सांगणार नाही. पण बाकीचं हाड, दुसरा पाय, मणका, स्नायू आणि तोल हे सगळं चालण्यानंच टिकतं. रोज चालायचं. आणि पडायचं नाही. दांड्याभोवती हाड मोडलं तर जोडणं फार अवघड जातं."

त्यांनी रक्त तपासायला लावलं. सगळा जन्म उन्हात गेलेल्या माझ्या अंगात ड जीवनसत्त्व कमी निघालं. दोन वर्षं घरातच होतो, तिथं ऊन कुठलं? गोळ्या सुरू झाल्या.

घरातच होतो, हे का ते सांगतो. ऑपरेशन झाल्यापासून घरच्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. बादलीला हात लावला की ही आतून ओरडायची, "आवं, ठिवा ती खाली! पाय परत मोडून घ्यायचाय का?" पुण्याला नोकरी करणारा मुलगा दर रविवारी फोनवर म्हणायचा, "आबा, तीन एकर आता वाट्यानं देऊन टाकू. तुम्ही आणि आई इकडं या." त्याचंही खोटं नव्हतं. तोच पैसे भरत होता, तोच रजा काढून दवाखान्यात झोपला होता. माया होती म्हणूनच ते सगळं माझं ओझं काढून घेत होते.

साताऱ्याहून परत येताना मुलगा गाडी चालवत होता. मी म्हटलं, "त्या दांड्यानं हाडाचं जे केलं, तेच तुम्ही माझं करायला लागलाय."

तो गप्प राहिला. मागं बसलेली ही मात्र लगेच म्हणाली, "डॉक्टर पडायचं न्हाई असंबी म्हणालं. त्ये बरं इसरला?"

तिचं खरं होतं. नांगरटीच्या ढेकळात किंवा ओल्या बांधावर पाय घसरला तर विरळ झालेलं हाड काय टिकणार? आणि न चालावं तर उरलेलं विरतंय. बैलाचा खांदा तयार करतानाही हाच पेच असतो. किती द्यायचं हे ठरवावं लागतं. कमी दिलं तर खांदा कच्चा राहतो, एकदम दिलं तर सुजतो.

तीन-चार दिवस घरात याच्यावरच बोलणं चाललं. शेवटी ओढ्यापलीकडचं दोन एकर वाट्यानं दिलं. तिथं जायला ओढ्यातली वाट निसरडी आहे. कागद नाही, तोंडी व्यवहार, पण ते रान दुसऱ्याच्या औतानं नांगरलेलं पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घराजवळचं एक एकर मी ठेवलं. त्यात ज्वारी आणि थोडा कांदा. नांगरट, खुरपणी माणसं लावून. राखण, पाणी बघणं आणि हिंडणं माझं. मुलानंही हट्ट सोडला. पुढच्या वेळी येताना त्यानं रबरी बुडाची काठी आणि चांगले बूट आणले.

आता सकाळी डांबरी रस्त्यानं पाणंदीपर्यंत जातो आणि परत येतो, संध्याकाळी तसंच. काठी उजव्या हातात. डाव्या खुब्याला काठीचा आधार उजव्या हातानं मिळतो, हे फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं. गावातली पोरं काठी बघून विचारतात, "आबा, पाय दुखतोय काय?" मी म्हणतो, "न्हाई रं, कामाला लावलाय."

परवा चार वर्षं झाली म्हणून पुन्हा एक्स-रे काढला. दुसऱ्या वर्षी जेवढं धुरकट होतं, तेवढंच आहे. पुढं सरकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे. मला त्या एका शब्दात पाऊस वेळेवर आल्याएवढा आनंद झाला.

आता गोठ्यातल्या गाईला पाणी मीच नेतो. ही बादली भरून माझ्या डाव्या हातात देते, कारण दुखऱ्या बाजूच्याच हातात ओझं घेतलं तर खुब्यावर ताण कमी येतो, हेही आता तिला पाठ आहे. बादली ती अर्धीच भरते. मी आणखी ओत म्हटलं, तर म्हणते, "दोन खेपा करा की. तेवढंच चालणं व्हतंय."