तुकड्याचं गाव

भारतातला प्रवाळाचा कायदा मला बरीच वर्षं आंधळा वाटत होता. पुण्यातल्या मावसभावाशी फोनवर मी त्याबद्दल तावातावाने बोललो आहे. आज मी त्या कायद्याच्या बाजूने आहे. मत का फिरलं ते सांगण्याआधी मी इथे शिकागोत काय करतो, ते सांगायला हवं.

माझ्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे आणि त्यात जिवंत प्रवाळ वाढतात. मोठ्या वसाहतीची एखादी फांदी हाडं कापायच्या कात्रीने तोडायची, सुपरग्लूच्या जेलने चिनी मातीच्या बोटभर बैठकीवर चिकटवायची आणि पुन्हा पाण्यात ठेवायची. या तुकड्याला आम्ही फ्रॅग म्हणतो. पाणी, उजेड आणि कॅल्शियम नीट मिळालं तर त्याची नवी वसाहत होते. शेजारणीने कुंपणावरून गुलाबाची फांदी द्यावी तसे हौशी लोक हे तुकडे एकमेकांना देतात. पुष्कळ जण कुरियरने पाठवतात, पण शिकागोच्या जानेवारीत एखादा डबा रात्रभर गाडीत राहिला की सकाळी हातात येतो तो पांढरा सांगाडा. म्हणून फ्लोरिडातल्या मित्राकडचे तुकडे मी विमानातून, हातातल्या सामानात आणतो.

सगळा पेच पाण्याचा आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि त्यानंतर हातातल्या सामानातल्या द्रवांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. औषधं, तान्ह्या बाळाचं दूध यांना सूट आहे. जिवंत मासाही आरपार दिसणाऱ्या डब्यात, पाण्यासकट, अधिकाऱ्याने पाहिल्यावर नेता येतो, आणि माझे प्रवाळही मी त्याच वाटेने आणले आहेत. मात्र शेवटचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा, आणि विमान कंपनीला आधी वेगळं विचारावं लागतं ते निराळंच. प्रवाळाला मात्र पाणी जितकं जास्त तितकं बरं. घाबरलेला प्रवाळ बुळबुळीत स्राव सोडतो आणि थोडक्या पाण्यात तोच स्राव सडून त्याला मारतो. त्याचं मांस प्लास्टिकला घासलं तर तिथून ते सोलवटत जातं, म्हणून बैठक थर्मोकोलच्या चकतीत खोचून तुकडा उलटा, पाण्यात लोंबता ठेवायचा. पाणी पंचविसेक अंशांवर टिकलं पाहिजे. फिरकीच्या झाकणाचे पारदर्शक डबे, वर थोडी हवा, बाहेरून टॉवेल. तपासणीच्या रांगेत मी आपणहून सांगतो, डबे बाहेर काढतो. अधिकारी ते उजेडात धरतात, बाहेरून पट्टी फिरवून स्फोटकांचा अंश आहे का पाहतात, आणि बहुतेक वेळा कौतुकाने विचारतात, की हे खरंच जिवंत आहे का?

मी उत्साहाने समजावतो. हा दगड नाही, वनस्पतीही नाही. हे प्राणी आहेत, त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडातून अन्न बनवून यजमानाला देतं. हे सांगायला मला मनापासून आवडतं. पण ‘कुठून आलं?’ असं मला तिथे कोणी विचारलं नाही, आणि विचारण्याचं कारणही नव्हतं. त्यांचं काम विमानाच्या सुरक्षेचं. देशातल्या देशात, मित्राच्या टँकमधून माझ्या टँकमध्ये आलेल्या तुकड्याला कागद लागत नाही.

माझं जुनं मत इथूनच आलं होतं. माझा युक्तिवाद असा होता: टँकमध्ये जन्मलेल्या तुकड्याने समुद्राचं काहीच घटत नाही, मग त्याला सीमेवर अडवायचं कशाला? आपल्याकडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सागरी पंखे आले. म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आणि शिक्षाही तशीच: किमान तीन वर्षं कैद. मावसभाऊ हौशी आहे, त्याच्या हातात कसब आहे. एखादा अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ त्याने माझ्याहून नीट सांभाळला असता. ‘दादा, तू येतोसच आहेस तर घेऊन ये ना एक,’ असं तो म्हणाला तेव्हा मी आणला नाही, पण मनातून मला ते पटलेलं नव्हतं. कायदा मोडायचा नाही म्हणून थांबलो, एवढंच.

मग माझ्या टँकमध्ये एक वसाहत आली. विकणाऱ्याने ती टँकमध्ये वाढवलेली म्हणून दिली होती. काही महिन्यांनी ती कापायला बाहेर काढली, उलटी केली आणि बुडाकडे पाहत राहिलो. समुद्रातल्या शेतीत वाढवलेल्या प्रवाळाच्या बुडाशी सिमेंटची चकती असते, घरच्या फ्रॅगला चिनी मातीची बैठक. इथे तसं काहीच नव्हतं. तळ फोडून काढल्यासारखा तुटका होता, त्यात जुना चुनखडीचा खडक, खडक पोखरणाऱ्या शिंपल्यांची बिळं आणि कृमींच्या नळ्या. ही वसाहत कुठल्या तरी खऱ्या प्रवाळखडकावरून छिन्नीने उचकटलेली होती, यात मला शंका राहिली नाही.

मला खरं हलवलं ते पुढच्या विचाराने. मी कापायलाच बसलो होतो. वरच्या फांद्या तोडून पांढऱ्या बैठकांवर लावल्या असत्या तर थोड्या काळात त्यांच्यावर जांभळट चुनखडी शैवाल चढलं असतं आणि माझ्या मित्राच्या टँकमधल्या, पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या तुकड्यांपासून ते कोणालाही वेगळे ओळखता आले नसते. मलासुद्धा नाही. ज्या बुडावर पुरावा होता तेच बूड मी फेकून दिलं असतं. तुकडा स्वतःचं गाव सांगत नाही, आणि गाव पुसून टाकायला एक कात्री आणि गोंदाची नळी पुरते.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइट्स करार नेमका इथेच कागद मागतो. त्या परवान्यावर एका अक्षराने उगम लिहितात: रानातला असेल तर डब्ल्यू, बंदिवासात पैदास केलेला असेल तर सी, बंदिवासात जन्मला पण ‘सी’च्या सगळ्या अटींत बसत नसेल तर एफ. पूर्वी मला हा कारकुनी सोस वाटायचा. आता वाटतं की तुकड्याच्या अंगावर जे लिहिलेलं नाही ते लिहून ठेवायची ही एकमेव जागा आहे, आणि तीही लिहिणारा खरा असेल तरच. इंडोनेशिया हा जिवंत प्रवाळाचा मोठा निर्यातदार. त्या देशाने २०१८ मध्ये निर्यात थांबवली आणि पुढे शेतीतल्या प्रवाळापासून ती पुन्हा सुरू केली. जिथे या धंद्यावर पोटं भरतात तिथेही उगमाचा प्रश्न इतका गंभीर आहे. मग माझ्या बॅगेतल्या डब्याला मुंबईच्या विमानतळावरचा माणूस काय विचारणार, आणि मी काय दाखवणार? माझा शब्द?

२०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती हलवल्या गेल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी ते काम केलं, आणि शहरातल्या शहरात ते हलवायलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागली. ती बातमी वाचून मी वैतागलो होतो. आज ती परवानगी मला बरोबर वाटते. रस्त्यासाठी प्रवाळ उचलावे लागले याचं वाईट वाटतंच, पण निदान कोणते प्रवाळ कुठून उचलले हे कुणाला तरी लिहून द्यावं लागलं.

कायद्याबद्दलची एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे: हौशी हातांचा उपयोग करून घ्यायची वाट मला त्यात दिसत नाही. २०१४ मध्ये मायामीजवळ कठीण प्रवाळांचं मांस झडवणारा एक रोग दिसला आणि फ्लोरिडाभर पसरत गेला. तेव्हा निरोगी वसाहती आधीच उचलून समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि मत्स्यालयांत सांभाळायला नेल्या. ज्या हौसेला आपण श्रीमंतांचा छंद म्हणतो तिचंच कसब तिथे कामाला आलं: कृत्रिम समुद्राचं पाणी, दिवे, कापणं, चिकटवणं. आपल्याकडे लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पुन्हा पुन्हा पांढरे पडताहेत. माझ्या मावसभावासारखे हात अशा कामी यावेत असं मला फार वाटतं. पण ते सरकारी नोंदवहीतून, वसाहत कोणत्या खडकावरची ते लिहून व्हावं. माझ्या टॉवेलात गुंडाळलेल्या डब्यातून नव्हे.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, ‘दादा, पण तुझ्या टँकमधल्या त्या वसाहतीचं काय करणार?’

ती माझ्याकडेच आहे. समुद्रात परत सोडता येत नाही, तिच्यासोबत परके रोग जातील. तिचे तुकडे मी कोणाला देत नाही. बाकीचे देतो तेव्हा डब्यावर चिठ्ठी लावतो: कोणाकडून आला, कोणत्या साली कापला, आणि त्यामागचं माहीत नसेल तर ‘मूळ माहीत नाही’. फ्लोरिडातल्या मित्रालाही तशाच चिठ्ठ्या मागितल्या. आधी त्याला राग आला. गेल्या खेपेस मात्र त्याने सगळ्या डब्यांवर लावून दिल्या होत्या, दोन डब्यांवर ‘मूळ माहीत नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि ते दोन मी त्याच्याकडेच ठेवून आलो.