निर्जंतुक नसलेलं दूध

ऑफिसमधल्या एका मित्राची मुलगी गेल्या वर्षी बत्तिसाव्या आठवड्यातच जगात आली. मुलगी काचेच्या पेटीत, आई घरी... आणि हा पठ्ठ्या रोज सकाळ-संध्याकाळ पंपाने काढलेलं दूध बर्फाच्या पिशवीतून एनआयसीयूत पोचवायचा. अशात कोणा नातेवाइकाने ऐकवलं, "आईच्या दुधात बॅक्टेरिया असतात म्हणे. त्यापेक्षा डब्याचं द्या, स्वच्छ तरी असतं!" झालं! वहिनींनी पंप बाजूला ठेवला आणि दिवसभर रडत बसल्या.

गंमत बघा, यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि दुसरं साफ चूक.

आईचं दूध निर्जंतुक नसतंच. २००३ साली स्पेनमधल्या संशोधकांनी निरोगी आयांच्या दुधातून लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया वेगळे करून दाखवले, म्हणजे आपल्या दह्यातल्या मंडळींचे भाऊबंद. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांच्या दुधातही बॅक्टेरिया सापडतात. त्यात त्वचेवर एरवीही राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस बहुतेक वेळा असतोच. शिवाय दुधात ऑलिगोसॅकराइड्स नावाच्या साखरा असतात, दोनशेच्या आसपास प्रकारच्या. बाळाला त्या पचत नाहीत! त्या आहेत मुख्यतः आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियासाठी. म्हणजे बाळाच्या जेवणात पाहुण्यांचं पानही वाढलेलं.

आणि डब्याची पावडर? तीसुद्धा निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा धोकादायक जंतू तिच्यात क्वचित सापडतो, म्हणूनच २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने ती किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवायला सांगितलं.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे ना. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं, प्रतिकारशक्ती तोकडी. आतड्याचा भाग सडवणारा 'नेक' (नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस) हा आजार याच बाळांना जास्त गाठतो. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. पण हे बाळ अंगावर पीत नसतं. बाळाच्या तोंडाच्या जागी पंप, बाटली, नळी येते. कॅनडातल्या 'चाइल्ड' प्रकल्पाच्या २०१९ च्या निष्कर्षांत पंपाने काढलेल्या दुधात बिफिडोबॅक्टेरिया कमी आणि त्रासदायक ठरू शकणारे जंतू जास्त दिसले. ती बाळं एनआयसीयूतली नव्हती, पण मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. म्हणजे आपण लक्ष ठेवायचं ते आईवर नाही, साखळीवर. हात साबणाने धुतले का, पंपाचे भाग प्रत्येक वेळी धुऊन, निर्जंतुक करून कोरडे केले का, दूध लगेच थंड केलं का... आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स ठीक आहे, ट्रान्समिशन सांभाळा.

काही वेळा आईचं दूध पुरत नाही. तिथे मिल्क बँक कामी येते. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साधारणपणे ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. त्यात बॅक्टेरिया मरतात, चांगले-वाईट दोन्ही. काही संरक्षक घटकही कमी होतात, पण त्या साखरा टिकतात. म्हणून पहिली पसंती आईच्या दुधाला, नाही तर बँकेच्या, आणि डबा त्यानंतर.

'जंतू' म्हटलं की आपल्या अँटिव्हायरसवाल्या डोक्याला 'डिलीट' एवढंच सुचतं. पण आधीच घाबरलेल्या बाईला तिचंच दूध घाण आहे असं वाटायला लावणं फार महागात पडतं, कारण दूध काढणं थांबलं की ते आटायला वेळ लागत नाही.

तेव्हा कुणाच्या घरी असं लवकर आलेलं बाळ असेल, तर सल्ले डॉक्टरांवर सोडा. आपण पंपाचे भाग धुऊन द्यावेत, बस्स.