दुसऱ्या बंदुकीचा घोडा

जुन्या लष्करी बंदुकीचा एखादा भाग हरवलेला असला की मालकाची मागणी ठरलेली असते : अस्सल मिळवा, नाहीच मिळाला तर नवा करून बसवा. बाजारातले भावही याच क्रमाने लागतात. बंगळूरच्या बसवनगुडीत गांधी बाजाराच्या मागे हे काम करणारा एक मराठी कारागीर मात्र हा क्रम मानत नाही. त्याच बंदुकीचा स्वतःचा भाग सर्वांत वर, याबद्दल त्याचा वाद नाही. पण त्याच्या खालोखाल तो नव्याने घडवलेला, तारीख कोरलेला भाग ठेवतो. दुसऱ्या बंदुकीतून काढून आणलेला जुना घोडा, जुना स्क्रू, जुना दस्ता, हे सगळं त्याच्या यादीत शेवटी.

बसवनगुडी ही १८९८ च्या प्लेगनंतर आखलेली वस्ती. तिथली जुनी घरं पाडून आता अपार्टमेंट उभी राहतात, आणि माळे रिकामे करताना आजोबा-पणजोबांच्या नोकरीतल्या वस्तू खाली येतात. पट्टे, पदकं, तलवारी, कधी एखादी गंजलेली ठासणीची बंदूक. ती पिशवीत घालून थेट कारागिराकडे नेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवणं आणि विकणं यांच्या जोडीला तिची दुरुस्तीही परवान्याखाली येते. कालबाह्य, पुरातन मोलाची किंवा मोडकी, आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशी हत्यारं कलम ४५ ने त्यातून वगळलेली आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा आहेच. त्यामुळे आधी कागद, मग हत्यार. बार उडवू शकेल अशा हत्याराला हा कारागीर हात लावत नाही. त्याच्याकडे येतं ते पुढे भिंतीवर किंवा काचेच्या पेटीत राहणार असतं, आणि ते पुन्हा चालतं करणं हा त्याच्या कामाचा भागच नाही.

अठराव्या शतकातल्या बंदुकीच्या बाबतीत त्याचा क्रम पटायला वेळ लागत नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस आग्र्याला तोफा ओतत असे आणि बंदुका घडवत असे. एक बंदूक दहाएक रुपयांत पडे, असं जुन्या इंग्रज लेखकांनी लिहून ठेवलं आहे. तिकडे ईस्ट इंडिया कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ चकमकीची बंदूक होती. तिची नळी ३९ इंच लांब, बोर पाऊण इंचाचा, आणि १७९७ मध्ये खुद्द ब्रिटिश फौजेनं तीच स्वीकारली. नमुना एकच, तरी प्रत्येक बंदुकीची कळ कानशीनं घासून तिच्यापुरती बसवलेली असे. आज अशा बंदुकीचा घोडा हरवलेला असेल आणि दुसऱ्या बंदुकीचा आणला, तर तो सरळ बसत नाही. घोडा ज्या चौकोनी खुंटीवर बसतो ती खुंटी घासा, नाहीतर घोड्याचं भोक वाढवा. दोन्हीत दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी हाताची कामगिरी पुसली जाते. शिवाय ज्या बंदुकीतून घोडा काढला तीही आता अपुरी. एक पुरी करण्यासाठी दोन बिघडवण्याचा हा व्यवहार लिलावाच्या यादीत मात्र ‘सर्व भाग अस्सल’ म्हणून छापला जातो.

थ्री-नॉट-थ्रीची गोष्ट वेगळी. एनसीसीत कवायतीसाठी ‘डीपी’ शिक्क्याची रायफल खांद्यावर घेतलेले हजारो मराठी वाचक तिला ओळखतात. बंगालमधल्या ईशापूरला १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला आणि तिथे ही ली-एनफिल्ड पिढ्यान्‌पिढ्या बनत राहिली. हिचे सुटे भाग अदलाबदल करता येतात, निदान कागदावर तरी. पण रायफलीचा क्रमांक मुख्य सांगाड्यावर, नळीवर, बोल्टवर, मागच्या साइटवर, तोंडाशी असलेल्या टोपीवर आणि लाकडाच्या पोटातही ठोकलेला असतो. संग्राहकांना हे सगळे आकडे जुळलेले हवे असतात. जुळले नाहीत की किंमत पडते, आणि किंमत पडू नये म्हणून काही विक्रेते जुना आकडा घासून नवा ठोकतात. या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम कोणतं असं विचारलं तर हा कारागीर याकडे बोट दाखवतो. न जुळणारा आकडा हा बहुतेक वेळा पलटणीच्या आर्मररनं केलेल्या दुरुस्तीचा पुरावा असतो. युद्धात बोल्ट खराब झाला, दुसरा बसवला, रायफल पुन्हा रांगेत गेली. तो बोल्ट परका असला तरी रायफलीच्या नोकरीतच आलेला आहे. तो काढून जुळता आकडा शोधणं म्हणजे तिची सेवापुस्तिका फाडणं.

अशा दुरुस्त्यांची उदाहरणं हवी तितकी आहेत. ईशापूरच्या रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतो. लाकूड चिरू नये म्हणून कारखान्यानं केलेली ती तजवीज. परदेशातले हौशी लोक त्याला ‘ईशापूर स्क्रू’ असंच म्हणतात. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड तोंडाकडून भरायची. १८६६ पासून तशा कित्येक बंदुकांची मागची बाजू कापून स्नायडर पद्धतीचा खटका बसवला गेला आणि त्या मागून भरता येऊ लागल्या. अशा बंदुकीचा ‘मूळ’ भाग कोणता म्हणायचा? जो १८५३ च्या नकाशात होता तो, की सैनिकानं जिच्यावर भरवसा ठेवला त्या बदललेल्या बंदुकीतला? कारागिराचं उत्तर स्वच्छ आहे : नोकरीत झालेला बदल मूळच, नोकरी संपल्यावर बाजारात झालेला बदल नाही.

मालक ‘दस्त्यावरचे ओरखडे काढून द्या’ म्हणाला की कारागिराच्या मनात एक प्रसंग येतोच. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. खुद्द कमांडर घाडगे सोडता सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. त्यांनी हातबॉम्बनं मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगननं एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनंच मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. असा घाव झेललेला दस्ता कुणी सँडपेपर मारून, पॉलिश चढवून ‘नव्यासारखा’ केला, तर मागे राहील ते नुसतं अक्रोडाचं लाकूड. प्रत्येक दस्त्यामागे असा प्रसंग नसतो, हे खरं. पण कोणत्या ओरखड्यामागे काय होतं हे कुणालाच सांगता येत नसताना ते खरवडण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं त्याला ठामपणे वाटतं.

आता नव्या भागांबद्दल. भारतात बनलेल्या चकमकीच्या बंदुकांच्या प्रतिकृती जगभर जातात. ऐतिहासिक लढायांचे देखावे करणारी मंडळी त्या घेतात, आणि अनेकदा त्या कान न पाडताच, म्हणजे बत्तीचं भोक न पाडताच पाठवल्या जातात. त्यांचा दस्ता सहसा शिसमाचा किंवा सागाचा असतो. मूळ दस्ता अक्रोडाचा. वजन, रंग, रेषा, सगळंच वेगळं, त्यामुळे प्रतिकृतीचा दस्ता जुन्या बंदुकीवर चढवला की दुरूनही खटकतो. स्क्रूचं दुखणं आणखी बारीक. जुन्या ब्रिटिश हत्यारांचे आटे इंची मापाचे, आणि त्यातले कित्येक आज दुकानात मिळत नाहीत. सदर पत्रप्पा रोडवर तासभर फिरून ‘जवळजवळ बसणारा’ मेट्रिक स्क्रू सापडतोही, आणि तोच जोरानं पिळला की जुन्या लोखंडातले आटे कायमचे जातात. एचएमटीच्या काळापासून या शहरात लेथवर बारीक काम करणारे हात आहेत. तेव्हा वाट पाहावी, माप घ्यावं आणि एकच स्क्रू कातून घ्यावा. त्याच्या डोक्याखाली, काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, वर्ष ठोकावं.

गंजाचंही तसंच. लाल गंज खाली अजून चालू असतो, काळा थर मात्र बऱ्याचदा धातूला धरून ठेवतो, म्हणून सगळं चकचकीत करणं हा उपाय नाही. टॅनिक आम्ल लावलं की गंजाचा निळसर काळा, स्थिर थर होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई बनत असे, तिच्यातलं रसायनही हेच. त्यावर मेण. दस्त्याला जवसाचं तेल, तेही फडक्यावर चार थेंब घेऊन. जे लावलं ते उद्या काढता आलं पाहिजे, ही त्याची अट.

काही वेळा नवा भागही नको. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगरजवळ, बिदनूरला, २०१८ मध्ये एका विहिरीतला गाळ काढताना टिपूच्या काळातले हजाराच्या आसपास अग्निबाण निघाले. उरली आहे ती लोखंडी नळी. ज्या बांबूमुळे तो बाण सरळ जात असे, तो गेला. त्या नळीला नवा बांबू बांधला तर पाहणाऱ्याला जे हवं ते दिसेल, पण बांबू किती लांब आणि कसा बांधलेला होता हे बांधणाऱ्यानंच ठरवलेलं असेल. पूर्ण प्रतिकृती शेजारी वेगळी ठेवावी, खऱ्या नळीला हात लावू नये. १९६४ च्या व्हेनिस सनदेनं इमारतींसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत : तर्क सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवावा, आणि घातलेला नवा भाग मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा. हत्यारांनाही हे दोन्ही तंतोतंत लागू पडतं.

कोडगूच्या, म्हणजे कुर्गच्या, घरांत मात्र प्रश्न निराळा होतो. कोडव आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे. ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ग्राह्य धरली. सप्टेंबरात कैलपोद सणाला बंदुका पुसून मांडतात आणि त्यांना तोक पू वाहतात, म्हणजे आपली कळलावी. मराठी घरांत खंडेनवमीला तलवारीची पूजा होते, तसंच. भिंतीवरची न चालणारी ठासणीची बंदूकही त्या दिवशी खाली उतरते. पूजेआधी ती पॉलिश पेपरनं घासू नका आणि हळदकुंकू लोखंडाला लावू नका, एवढं हा कारागीर दोन्हीकडच्या घरांना सांगतो. दस्त्याला सुती पट्टी बांधा, तिला लावा. घोडा नवा बसवलेला असला तर एखादी आजी विचारते, नव्याची पूजा चालेल का? त्याचं उत्तर तो घरच्या थोरांवर सोडतो. आतल्या बाजूला वर्ष कुठे ठोकलं आहे ते दाखवतो, आणि सण झाला की फुलांचा ओलावा टिपून पुन्हा मेण लावायला सांगतो.