काठ आणि पोट

खापराचं चित्र काढायचं तर आधी खापर उभं करावं लागतं. अख्ख्या भांड्यात ते जसं उभं होतं, तसं. काठाचा तुकडा पालथा करून टेबलावरच्या काचेवर टेकवायचा, डोळा काचेच्या पातळीला आणायचा आणि तुकडा हळूहळू पुढेमागे झुकवत राहायचं. काठ आणि काच यांच्या फटीतून येणारा उजेड एका जागी पुरता बंद होतो. तो त्या भांड्याचा कल. कल चुकला की वाडग्याची परात होते, नाहीतर घागर होते, आणि मग पुढची मापं कितीही काटेकोर घ्या, ती कधीच नसलेल्या भांड्याची असतात.

पुण्यातल्या एका संस्थेत पुरातत्त्वाची इंटर्नशिप केली, तिच्यातला बहुतेक वेळ माझा यातच गेला. उत्खनन म्हणजे ऊन, टोपी आणि खुरपी असं लोकांना वाटतं. तेही असतं, पण थोडे आठवडे. बाकीचं वर्ष खापरांच्या खोलीत जातं. ब्रशनं धुवायचं, सावलीत वाळवायचं, आतल्या बाजूला मुंगीच्या अक्षरात स्थळ, साल, खड्डा आणि थर लिहायचा, शाई पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक लेप द्यायचा. मग निवड. काठ, तोट्या, बुडं, नक्षीचे तुकडे एकीकडे. पोटाचे साधे तुकडे दुसरीकडे. पोटाच्या तुकड्यांचा ढीग नेहमीच मोठा असतो. ते मोजतात, वजन करतात आणि बहुतेक वेळा तिथंच त्यांची नोंद संपते. चित्र निघतं ते काठाचं.

कल सापडला की व्यास. एकात एक वर्तुळं छापलेल्या कागदावर काठ ठेवायचा आणि कोणत्या वर्तुळावर तो नेमका बसतो ते पाहायचं. तुकडा अंगठ्याएवढा असेल तर तो अठरा सेंटिमीटरवरही बसतो आणि बाविसावरही. ड्रॉइंगचे आमचे सर म्हणायचे, अशा वेळी खापराला विचारू नका, गप्प बसा, दुसरं खापर घ्या. मग उभी मधली रेघ. डाव्या अर्ध्यात भांडं सुरीनं कापल्यासारखं दाखवायचं, भिंतीची जाडी काळ्या शाईनं भरायची. उजव्या अर्ध्यात बाहेरचं अंग, नक्षी, चाकाच्या रेषा. फोटोत खापराचा चेहरा येतो, जाडी येत नाही. काठ आत वळलाय की बाहेर, खांद्याला धार आहे की नुसता बाक, हे त्या काळ्या पट्टीतच कळतं.

ही पद्धत आपल्याकडे रुळली त्यात मॉर्टिमर व्हीलर यांचा हात मोठा. 1944 साली ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि त्याच वर्षी तक्षशिलेला त्यांनी प्रशिक्षणाची शाळा भरवली. तिथं शिकलेल्यांत म. न. देशपांडे होते, ज्यांनी पुढं 1958-59 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला पहिलं उत्खनन केलं. आणि ह. धी. सांकलिया त्याच्याही आधी, लंडनला शिकत असताना, इंग्लंडातल्या मेडन कॅसलच्या उत्खननात व्हीलरांच्या हाताखाली काम करून आले होते. परत येऊन डेक्कन कॉलेजात त्यांनी माणसं तयार केली आणि त्यांना घेऊन ते आमच्या प्रवरा नदीवर आले. 1950-51 साली जोर्वे, 1954 पासून नेवासे. त्यामुळे आमच्या भागातल्या मोडक्या मडक्यांची जेवढी नीट चित्रं छापली गेली आहेत, तेवढी आमच्या भागातल्या माणसांचीही नसतील.

मी जोर्व्याच्या शेजारची. संगमनेरहून प्रवरेच्या कडेनं खाली आलं की उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. जिल्हा 2024 पासून कागदावर अहिल्यानगर झाला, बोलण्यात अजून नगरच आहे. शाळेत असताना जोर्वे हे माझ्या लेखी आत्याचं गाव होतं. पुस्तकात त्याच्या नावानं एक अख्खी संस्कृती आहे, साधारण इसवी सनपूर्व 1400 ते 1000 या काळातली, हे मला पदवीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. त्या संस्कृतीची खापरं लांबूनही ओळखू येतात. चाकावर घडवलेली, पातळ, छान भाजलेली, लाल अंगावर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी. नखानं वाजवली तर खणकन आवाज येतो. दोन आकार फार आढळतात: मधोमध धारदार कोन असलेला वाडगा आणि फाकलेल्या तोंडाचं, अंगाला तोटी लावलेलं भांडं.

सुट्टीला घरी आले तेव्हा अशाच एका वाडग्याच्या चित्राची झेरॉक्स वहीत होती. सरावासाठी ते चित्र मी वेगवेगळ्या रेघांनी पुन्हा पुन्हा काढलं होतं. घरी कुणाला त्यात रस असेल असं वाटलं नव्हतं. गावात दायमाबादचं नाव काढलं की लोक रथाबद्दल विचारतात. 1974 साली छबू लक्ष्मण भिल या माणसाला झाडाची मुळं खणताना काशाची चार शिल्पं सापडली, त्यांतला तो बैलजोडीचा रथ. हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्याच्यापुढं खापर म्हणजे काय! आमच्या उसात नांगराला रोज लागतं.

पण वडिलांनी चित्र हातात घेतलं, चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाले, "हे निम्मं काळं का केलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग यावरून घडवणारा घडवील का?"

ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला जाताना ते स्वतः कागदावर असंच रेखाटन करून नेतात, म्हणून त्यांना हा प्रश्न पडला. मला खोलीत बसून तो कधी पडला नव्हता. आमची चित्रं दुसऱ्या पुरातत्त्ववाल्यानं वाचायची असतात. नेवाशाच्या खापरांचं चित्र दायमाबादच्या चित्राशेजारी ठेवायचं, काठ जुळतो का बघायचं. त्या साखळीत कुंभार कुठंच नाही.

शेजारच्या गावात एकच कुंभाराचं घर चाक चालवतं. चाक आता विजेचं आहे. उन्हाळ्यात माठ, आखितीला करा-केळी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडं. माठाचा धंदा जारच्या पाण्यानं आणि फ्रिजनं बराच खाल्ला, सणांची भांडी टिकली आहेत. सणाला प्लास्टिक चालत नाही, म्हणून.

वडिलांचा प्रश्न डोक्यात ठेवून मी चित्र घेऊन तिथं गेले. तिथल्या काकांनी चित्र उलटं धरलं नाही, सुलटंच धरलं. बराच वेळ पाहिलं. मग काळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ही जाडी ना?" म्हणजे वाचता आलं. मला जरा मोठं वाटलं. पुढचा प्रश्न, "गोळा किती घेऊ?" चित्रात वजन नसतं. "खाली काय हाय?" खाली तुटक रेघ. खापर कोनाच्या जरा खाली मोडलेलं, पुढं अंदाजानं टिंबं टिंबं दिलेली. ती त्यांनी निरखली आणि म्हणाले, "हे तुला बी ठाऊक न्हाई तर."

तरी त्यांनी केला. चाकावर मोठा गोळा ठेवून त्याच्या शेंड्याला वाडगा उचलला, ओल्या फडक्यानं काठ सारखा केला, दोऱ्यानं कापून बाजूला ठेवला. मी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवते तोवर झालासुद्धा. कोन मात्र धारदार येईना. या मातीत वाळू फार, धार धरत नाही, असं ते म्हणाले. पूर्वी नदीची गाळाची माती मिळायची, आता बंधाऱ्याच्या तळाची आणतात, तीही परवानगी काढून. मला त्या वेळी अहवालातली चाळण केलेल्या बारीक मातीबद्दलची वाक्यं आठवली. वाचताना ती मी भरताड म्हणून सोडून दिली होती.

पण खरी गोष्ट दिसली ती वाडग्यात नाही, माठात. त्या दिवशी त्यांचे माठ चालले होते. भांडं बुडापासून सुरू होऊन काठाशी संपतं, असं मी धरून चालले होते. घर पायापासून बांधतात तसं. चाकावर माझ्यासमोर जे तयार झालं ते जाड भिंतीचं, बसकं, ओबडधोबड नळकांडं. पण त्याचा काठ पूर्ण. वळण, जाडी, बाहेरची पन्हळ, सगळं शेवटचं. चाकावरून उतरवल्यावर त्याला धड बूड नव्हतं. मग सावलीत जरा सुकवून, आतून एका हातानं दगडी गोटा आणि बाहेरून दुसऱ्या हातात लाकडी फळी धरून काकूंनी ते थापटायला घेतलं. भिंत पातळ होत गेली, पोट फुगत गेलं, खालून मिटत गेलं. थापटायचं, पुन्हा सुकू द्यायचं, पुन्हा थापटायचं. या सगळ्यात काठाला कुणी हात लावत नाही. तो कधीच झालेला असतो.

म्हणजे चाकावरून उतरलेला माठ आणि आमच्या अहवालातलं चित्र एकसारखेच: वर काठ नेमका, खाली तुटक रेघ. फरक इतकाच की कुंभाराला खाली काय व्हायचंय ते माहीत असतं, आणि आम्हाला खाली काय होतं ते माहीत नसतं.

मला यातून आणखी एक गोष्ट सुचली, अजून कुणाला दाखवलेली नाही. काठ चाकावर एकदाच आणि एकाच हातानं होतो, म्हणून एका कुंभाराचे काठ एकमेकांसारखे निघतात. पोट थापटण्यावर ठरतं; काकू थापटतात तेव्हा वेगळं, सून थापटते तेव्हा वेगळं, घाई असली की जाड. एका आव्यातले दहा माठ पाहिले तर तोंडं एकाच मापाची आणि पोटं दहा तऱ्हांची. आम्ही काठावरून वर्ग पाडतो आणि वर्ग नीट पडतात, त्याचं एक कारण हेही असेल. पण मग आम्ही चाकावर बसलेल्याची चित्रं काढतो, थापटणारीची काढतच नाही. पोटाच्या तुकड्यांच्या त्या मोठ्या ढिगात बहुतेक तिचं काम पडलेलं असतं. आतून पाहिलं तर गोट्याचे उथळ खळगे बोटाला लागतात. हा नियम तीन हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. जोर्व्याची रंगीत भांडी पातळ आणि चाकावरची, धान्याचे आणि पुरायचे मोठे जाड रांजण हातानं घडवलेले. घरात घडवणारे हात किती आणि कुणाचे होते हे खापर सांगत नाही. तरी ढिगाकडं परत जावंसं वाटायला एवढं पुरेसं आहे.

आई या सगळ्याकडं वेगळ्याच बाजूनं येते. माठ विकत घेताना ती काठाकडं बघतही नाही. टवका गेलेला असला तर पाच-दहा रुपये कमी करून घेते. बोटाच्या पेरानं पोटावर टिचकी मारते, कान देते, मग दुसरा, मग तिसरा. बद्द वाजला तर बाजूला. घरी आणल्यावर रात्रभर भरून ठेवते आणि सकाळी खाली किती पाझरलं ते बघते. अजिबात न पाझरणारा माठ तिला नको, त्यात पाणी थंड होत नाही. अंगातून झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळतात, त्यातली लीद भाजताना जळते आणि बारीक छिद्रं राहतात, त्यांचं हे काम. मी वहीत माठाचा छेद काढत बसले होते तर म्हणाली, "तोंडाचं काय चित्र काढू राहिली, पाणी पोटात थंड होतं."

मी तिला काही उत्तर दिलं नाही, पण वहीत तिच्या निवडीची नोंद केली: आवाज, पाझर, वजन. आमच्या नोंदवहीच्या तक्त्यात काठ, व्यास, रंग, भाजणी, नक्षी असे रकाने असतात. आवाजाला रकाना नाही, तो शेऱ्यात जातो.

आखितीला आजीनं करा-केळी मांडली. गव्हाच्या राशीवर भरलेली केळी, तिच्या तोंडावर करा, वाळा, आंबा, आजोबांच्या नावानं पाणी. ते बघताना मला रांजणांतली दफनं आठवली: नेवाशाला आणि पुढं इनामगावला लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरलेलं सापडलं, दोन मोठे रांजण आडवे ठेवून तोंडाला तोंड भिडवलेले, मूल आत. जवळ ठेवलेल्या भांड्यांत कधी तोटीचं भांडंही असतं. ही चित्रं मी अनेकदा पाहिली आहेत, आडव्या दोन आकृत्या, मधे काठाला काठ. आजीची मांडणी त्या काळापासून चालत आली असं म्हणण्याचा मोह होतो, आणि तसं लिहिणारे असतातही. मला ते पटत नाही. मधल्या तीन हजार वर्षांत काय काय झालं याचा एकही धागा हातात नसताना नुसत्या मडक्यावरून आजीला ताम्रपाषाणयुगात नेऊन बसवायचं, हे आळशी काम आहे. एवढंच खरं की दोन्हीकडं भांडं ओतायला म्हणून घेतलेलं नाही, आणि काठाला काठ नीट बसणं दोन्हीकडं लागतं.

पुण्याला मी सरांना फोन केला. प्रबंधासाठी प्रवरेकाठच्या आजच्या कुंभारांचं थापटकाम घेते म्हटलं: फळ्या, गोटे, आतले खळगे, पोटाची जाडी खालपासून वरपर्यंत. सर म्हणाले, चांगलं आहे, पण पाचशे पोटं मोजावी लागतील, आणि पोटाला काठासारखा कल नसतो, काचेवर उभी कशी करशील? अजून जमलेलं नाही. मोजपट्टी लावायची तर तुकडा कुठल्या उंचीवरचा हे आधी कळायला हवं, आणि ते कळायला अख्खी भांडी फोडावी लागतील. काका म्हणाले, आव्यात तडकलेली ने, फुकट. आवा पावसाच्या आधी लावायचाय, पाचट आणि गवऱ्या येऊन पडल्यात. येणार असशील तर दोन दिवस आधी सांग, रचायला माणूस कमी पडू राहिला, आणि येताना चांगली चप्पल घालून येऊ नको.