घट्ट

घरात काहीही घट्ट झालं की ते माझ्याकडं येतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण, फवारणीच्या पंपाचा दांडा, देवघराची कडी, सायकलीची शिट. दहावीनंतर शाळा सुटली आणि मी विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाशी जाऊन भिडलो. थंडीच्या दिवसांत ते इंजिन सकाळी हँडल मारू द्यायचं नाही. ऑइल दाट व्हायचं. वडील मग ऑइल काढून चुलीच्या कडेला ठेवायचे, कोमट करून परत ओतायचे, तेव्हा कुठं चार हँडलांत ते बोलायला लागायचं. म्हणजे तेल थंडीत आखडतं ही गोष्ट मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून ठाऊक होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते न कळून केलं असं म्हणायला मला जागा नाही.

आमचा तालुका राधानगरी. 1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या दिवशी आमच्या भागात कुणी शेताला गेलं नसेल. टीव्हीपुढं माणसं दाटीवाटीनं बसलेली. नेमबाजी म्हणजे राजेरजवाड्यांचा खेळ असं आम्ही समजत होतो, आणि इथं आमच्याच तालुक्यातला, मास्तराचा मुलगा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही कोल्हापूरची नावं पेपरात वाचली होती, पण कोल्हापूर निराळं आणि डोंगराकडंचं गाव निराळं. त्या दिवाळीनंतर माझी नात कोल्हापूरला रेंजवर जायला लागली. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. पोराला, म्हणजे तिच्या बापाला, हे फारसं मानवलेलं नव्हतं. उसाचं बिल आलं की आधी सोसायटी, मग खत, मग घर. त्यात रायफल कुठं बसवायची? रायफल रेंजवरची वापरायला मिळायची. तिच्यावरची मागची साइट तेवढी आम्ही एका मोठ्या खेळाडूकडून जुनी विकत घेतली. ते पैसे मी म्हशीच्या दुधातले साठवलेले दिले. पोराला आकडा सांगितला तो निम्मा सांगितला.

ही साइट म्हणजे दुर्बीण नव्हे. तिला पीप साइट म्हणतात. काच नसते, बारीक भोक असतं. त्या भोकातून बघायचं, पुढं नळीच्या टोकाला एक कडं असतं, त्या कड्यात दहा मीटरवरचं काळं वर्तुळ बरोबर मधोमध बसवायचं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणा त्याच्याहून मोठा. साइटला दोन नॉब असतात. वरचा फिरवला की नेम वरखाली सरकतो, बाजूचा फिरवला की डावीउजवीकडं. एकेका खटक्याला, तिकडं सगळे क्लिक म्हणतात, गोळी केसभर सरकते. उजेड बदलला, उभं राहणं जरा बदललं, की गोळ्या एका अंगाला पडायला लागतात. मग दोन क्लिक इकडं, एक क्लिक तिकडं. सगळा हिशोब बोटात. डोळा भोकातच ठेवायचा आणि बोटानं मोजायचं.

आमच्या साइटचा बाजूचा नॉब घट्ट होता. वापरून ठेवून दिलेली वस्तू, आतलं ग्रीस वाळलेलं. पोरीची बोटं बारीक, नॉबाच्या कडेचे दाते झिजलेले. ती काय करायची, तर नॉब फिरवायचाच नाही. गोळी डावीकडं जातेय ना, मग नेमच थोडा उजवीकडं धरायचा. बैल ओढाळ असला की आपण कासरा एका बाजूला जरा ताणून धरतो, तसं. सर ओरडायचे, "अंदाजानं मारायचं असेल तर साइट कशाला बसवली?"

मे महिन्यात ती साइट घेऊन माझ्याकडं आली. "आबा, हे फिरंना बघा." आमच्या कोल्हापुराकडं पोरी 'येतो, जातो'च म्हणतात. ती म्हणाली, "मी लई जोर लावलो, पण घाबरलो. तुटलं तर?"

मी पक्कड घेतली नाही, एवढं माझं शहाणपण. घट्ट आहे म्हणून पक्कड लावली की मळसूत्र सोलतं, मग ना घट्ट ना सैल. पण हाताशी दुसरं काय होतं? फडताळात खोबरेलाची बाटली. नॉबाच्या फटीत काडीनं चार थेंब सोडले, उन्हात धरलं, इकडून तिकडं हलवत राहिलो. दहा मिनिटांत नॉब लोण्यागत फिरायला लागला. पोरगी हरखली. मी बायकोला म्हणालो, "बघ, तिथले लोक ह्याचेच पैसे घेतात."

तो सगळा उन्हाळा, पावसाळा, अगदी दिवाळीपर्यंत काही तक्रार आली नाही. डिसेंबरात स्पर्धा होती. पहाटेच्या एसटीनं ती आणि तिचा बाप गेले. हो, बाप गेला. पहिल्यांदाच. मला त्याचंच जास्त कौतुक. संध्याकाळी दोघं परत आली ती गप्प. किती झाले विचारलं तर पोरानं हातानंच 'राहू द्या' म्हटलं. पोरगी जेवून झोपली. दुसऱ्या दिवशी पोर गोठ्यात मला म्हणाला, "आबा, आता पुरे करूया. पुढच्या पातळीला जायाला आठ-नऊ मार्क कमी पडलं. एसटीचा पास, गोळ्या, सगळा खर्च धरा की." मी काही बोललो नाही. पोरीच्या हातात नसलं तर नसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीनंतर डोक्याला तेल लावायला बाटली उपडी केली. काही येईना. बाटली हलवली. आत पांढरंफेक थिजलेलं. बायको म्हणाली, "चुलीकडंला ठेवा की, थंडी केवढी पडलीया."

मी बाटली तशीच धरून उभा राहिलो. डोक्यातून कानापर्यंत गरम झालो. पोरीची पिशवी काढली, साइट हातात घेतली. बाजूच्या नॉबाच्या फटीत पांढरी रेघ दिसत होती. फिरवून बघितला. मेपेक्षा घट्ट.

तिला विचारल्यावर हळूहळू निघालं. स्पर्धेला सुरुवातीला पंधरा मिनिटं सरावाच्या गोळ्यांना मिळतात, मग 75 मिनिटांत 60 गोळ्या. सरावातच गोळ्या डावीकडं जाताहेत हे तिला दिसलं. नॉब हलेना. जोर लावला तर एकदम सटकन फिरला, तीन क्लिक गेले का पाच, बोटाला कळलंच नाही. क्लिकचा आवाजही नाही, खटकाही नाही. मग परत उलटा फिरवला, परत तेच. वेळ संपला. पुढच्या साठ गोळ्या तिनं अंदाजानं नेम सरकवत मारल्या. आणि तरी फक्त आठ-नऊ मार्कच कमी पडले होते, हे मला नंतर उमगलं.

बाजाराच्या गावी एक म्हातारे घड्याळजी आहेत. आता घड्याळं कोण दुरुस्त करतंय, सेल बदलायचं काम तेवढं. त्यांच्यापुढं साइट ठेवली आणि सगळं खरं सांगितलं. ते हसले नाहीत. डोळ्याला भिंग लावून म्हणाले, "पावणं, गोठ्याचं दार आणि हे एक न्हवं."

त्यांनी लगेच उघडलं नाही. आधी साइट उन्हात ठेवायला लावली. अर्ध्या तासानं तेल पातळ झालं, तेव्हा नॉब हळूहळू एका टोकाला लागेपर्यंत फिरवून क्लिक मोजले. 38 भरले. कागदावर लिहून घेतले. "जोडताना परत हितंच आणून ठेवायचं. न्हाईतर पोरीची सगळी मांडणी मोडंल." मग साइट आणि आपले दोन्ही हात एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवीच्या आत एलन कीनं बारका स्क्रू सैल केला. मला काही कळेना. नॉब सुटला तशी आतून टिचकन एक गोळी उडाली आणि पिशवीला आपटली. मोहरीएवढी पोलादी गोळी, तिच्यामागं चिमुकली स्प्रिंग. माझ्या हातून उघडलं असतं तर ती गोळी शेणात गेली असती.

खटका म्हणजे ही गोळी. नॉबाच्या आत बारीक खाचांचं कडं असतं, स्प्रिंग गोळीला खाचेत दाबते, फिरवलं की गोळी या खाचेतून त्या खाचेत उडी मारते. आमच्या खाचा जुनं ग्रीस, खोबरेल, धूळ आणि शिशाची काळी पूड यांच्या लगद्यानं भरल्या होत्या. गोळीला उडी मारायला जागाच नव्हती. मला वाटत होतं, नॉब घट्ट आहे एवढाच रोग. मेमध्ये तो लोण्यागत फिरला तेव्हाच खरं तर बिघडलेला होता, कारण लोण्यागत फिरणं हे त्याचं कामच नव्हे. सहज फिरला पाहिजे आणि खटकाही कळला पाहिजे.

त्यांनी आतली रबरी रिंग आधी काढून कोरड्या फडक्यानं पुसली, पेट्रोलनं रबर फुगतं म्हणून. शेजारी चहाचा स्टोव्ह पेटलेला होता तो विझवायला लावला, मग वाटीत थोडं पेट्रोल घेऊन ब्रशनं खाचा धुतल्या. स्क्रूच्या आट्यांमधून शिवायचा दोरा फिरवून मळ काढला. वाळल्यावर सुईच्या टोकानं पातळ ग्रीस आट्यांना लावलं. सुईच्या टोकानं म्हणजे किती, तर डोळ्याला दिसेना. गोळीलाही लावलं, जोडून फिरवून बघितलं, मान हलवली. परत उघडलं आणि गोळीवरचं पुसून काढलं. "एवढ्यानंबी खटका मऊ झाला." तिसऱ्यांदा जोडलं तेव्हा माझ्या कानाशी धरून फिरवलं. टिक. टिक. टिक. पैसे विचारले तर म्हणाले, सेल बदलल्याचे द्या.

पुतण्या फौजेत आहे, तो सुट्टीवर आला तेव्हा त्याला ही कहाणी सांगितली. तो म्हणाला, रायफलीच्या दुर्बिणीचं आणखी नाजूक असतं. तिच्या आत नायट्रोजन भरून सील केलेलं असतं, काचेवर आतून धुकं धरू नये म्हणून. घरी उघडली की संपली. वरचं टोपण काढून धूळ पुसायची तेवढी. नवी असेल तर आतल्या रबरी रिंगमुळंच घट्ट लागते, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-पंचवीस वेळा फिरवली की पुष्कळदा सैल पडते. "आणि काका, तेल घालायचं न्हाई," असं तो दोनदा म्हणाला. कळलं म्हटलं.

माझ्याकडून मी एकच केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद कडी कापली आणि दाते झिजलेल्या नॉबावर ताणून बसवली. पकड येते. तिला विचारूनच बसवली.

साइट तिच्या हातात दिली तेव्हा पोर उंबऱ्यात बसून बूट घालत होता. त्याच्यासमोरच बोललो. "तुझं मार्क माझ्यामुळं गेलं. तेल मी घातलेलं." पोरानं बुटाची नाडी हातात धरून माझ्याकडं बघितलं. पोरगी नॉबाला बोट लावून डोळे मिटून मोजत होती. म्हणाली, "मला ठावं हुतं की, आबा. रायफलीला गाल लावला की खोबरेलाचा वास यायचा."

"मग बोलली का न्हाईस?"

"वास बरा वाटायचा," म्हणाली, आणि सातव्या का आठव्या क्लिकवर मोज चुकली म्हणून परत पहिल्यापासून फिरवायला लागली. पोरानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "चल, एसटी चुकंल," म्हणाला.