गाडी का लागते?

महाडहून पोलादपूरमार्गे महाबळेश्वरकडे निघालेली एस. टी. आंबेनळी घाट चढू लागली, की वळणामागून वळण येते. थोड्याच वेळात एखाद्या मुलाचा चेहरा उतरतो, पोटात ढवळू लागते. ‘गाडी लागली,’ असे लोक म्हणतात. कोणी त्याच्या नाजूकपणाला हसतातही. पण हा दोष त्या मुलाचा नव्हे.

प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. गाडी वळली, की त्यांतील द्रव क्षणभर मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. मुलाची नजर पुस्तकात असेल, तर डोळे मात्र सांगतात, ‘सारे स्थिर आहे.’ या दोन साक्षी जुळत नाहीत आणि जीव कासावीस होतो. मोठ्या पडद्यावर धावत्या गाडीतून टिपलेले दृश्य पाहतानाही काहींना असेच होते. तेथे डोळ्यांना गती दिसते. कानांना ती जाणवत नाही.

चालकाला गाडी सहसा लागत नाही. कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसते. म्हणून घाटात पुस्तक मिटावे आणि समोर दूरच्या डोंगरावर नजर ठेवावी. शेजारच्याला गाडी लागली, तर त्याला हसू नये; आपली पुढची जागा त्याला द्यावी.