काळ्या दिव्याखालची हिरवी रेघ

मोतीबिंदू पिकायला वेळ आहे, असं डॉक्टर म्हणतात. काळ्या दिव्याखाली मात्र तो आत्ताच आडवा येतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील उजेडात वय झालेल्या डोळ्याचं भिंग स्वतःच चमकतं आणि सगळीकडे निळसर धुकं पसरतं. त्यातून टर्बाइनच्या पात्यावरची हिरवी रेघ शोधायची. शिरगावला घरी म्हणतात, आता पुरे करा.

पेनिट्रंट म्हणजे भेगेत शिरणारा, काळ्या दिव्याखाली हिरवा चमकणारा द्रव. त्याच्या तपासणीत सगळं भांडण धुण्याचं. कमी धुतलं तर पातं नुसतंच हिरवं, जास्त धुतलं तर भेगेतलंही वाहून जातं. त्यात ती हवेची भोकं! निकेलच्या मिश्रधातूचं पातं स्वतःच्या वितळबिंदूपेक्षा तापलेल्या वायूत टिकतं, ते या भोकांतून खेळणाऱ्या हवेवर आणि अंगावरच्या लेपावर. पण भोकं पेनिट्रंट पिऊन बसतात आणि तो बाहेर ओढणारी डेव्हलपरची पूड पडली की रडायला लागतात. नेमकी भेग सुटते ती भोकाच्याच कडेला. ब्रश एकदा फिरवायचा, पुन्हा डेव्हलपर, पुन्हा वाट बघायची. त्याच जागेवरून रेघ उमटली तर भेग. पण रेघ उमटताना बघावी लागते. पसरल्यावर ठिपका आणि भेग सारखीच.

डोळ्याऐवजी कॅमेऱ्यानं तपासणारे पसरल्यानंतरचा फोटो काढतात आणि वर आम्हालाच शिकवतात. आठवड्याभरात लेव्हल टू तपासनीस झालेल्यांबद्दल तर बोलायलाच नको. रेघ सुटली की काय होतं? १९८९ साली अमेरिकेत सू सिटीला डीसी-१० पडलं, ११२ माणसं गेली. पंख्याच्या टायटॅनियम चकतीतली भेग आधीच्या पेनिट्रंट तपासणीतच सापडायला हवी होती, असं चौकशीत निघालं.

हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी एकस्फटिकी पाती करून दिली, कौतुकच आहे. इथे अंबरनाथलाही नौदलाची पदार्थ प्रयोगशाळा आहे. धातू घडवणाऱ्याचा सत्कार होतो, धुणाऱ्याला कोण विचारतं? मला तो सत्कार हवा होता, खोटं कशाला बोलू. ‘दादांना दाखवा’ हे ऐकायलाच मी इतकी वर्षं काळोखात बसलो.

आता हाताखाली एक मुलगी आहे. तिला रेघ माझ्याआधी दिसते. मी म्हणतो, ‘थांब, अजून येऊ दे,’ जणू मला केव्हाच दिसली होती. ती ओळखून असावी, पण बोलत नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एकच सांगणं: चष्मा करताना उन्हात काळी पडणारी काच घेऊ नका. काळ्या दिव्याखालीही ती काळी पडते, आणि आपल्या नियमांत ती चालत नाही.